पांदणीनं पळा: विदर्भातल्या अनोळखी गावी हिवाळ्यात मातीची वाट शोधताना

प्रश्न: मी पुण्यात राहतो आणि सिंहगड, वेताळ टेकडी अशा वाटांवर पळतो. फेब्रुवारीत २५ किलोमीटरची डोंगरी शर्यत आहे. त्याआधी डिसेंबरअखेर दहा-बारा दिवस यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसजवळच्या एका खेड्यात, सासुरवाडीला असेन. स्ट्राव्हा ॲपच्या हीटमॅपवर (लोक कुठे पळतात ते दाखवणाऱ्या नकाशावर) तो भाग कोरा दिसतो. घरचे म्हणतात, वाघ आहे, पळूबिळू नका. मातीच्या वाटा शोधायच्या कशा? आणि पहाटे पाचला निघालं तर चालेल का?

उत्तर: शेवटचं आधी सांगतो, कारण बाकीचं बरंच त्यावर ठरतं. पाचला निघू नका. डिसेंबरअखेर त्या भागात सूर्य उगवतो सातला पाच-दहा मिनिटं कमी असताना. साडेसहाला पायाखालचं नीट दिसायला लागतं, तेव्हा निघायचं. डोक्याला बॅटरी बांधून पाचला बाहेर पडायची सवय ऑफिसमुळे लागलेली असते. सासुरवाडीत कुठलं ऑफिस गाठायचंय? थंडीत इथे नऊ-साडेनऊपर्यंत आरामात पळता येतं.

अंधार टाळायचा तो फक्त वाघासाठी नाही. दिग्रसकडच्या शिवारात माझ्या यादीत वाघ बराच खाली येतो. सगळ्यात वर आहे तार. या दिवसांत तूर, हरभरा, गहू उभा असतो आणि रानडुकरं, रोही (तुमच्याकडची नीलगाय) एका रात्रीत वावर (शेत) झोपवून टाकतात. म्हणून धुऱ्याने (बांधाने) तार ओढलेली असते. बहुतेक ठिकाणी ती सौर झटका मशीनची असते. झटका जोरात बसतो, पण माणूस मरत नाही. काही जण मात्र चोरून थेट लाईनचा करंट सोडतात. तो गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तरी अशा तारांना लागून वाघ मेलेत आणि माणसंही मेलीत. रात्री सोडलेला करंट उजाडल्यावर काढून घेतात. गुडघ्याएवढ्या उंचीची बारीक तार बॅटरीच्या उजेडात पळताना दिसेल, या भरवशावर राहू नका.

दुसरं म्हणजे जागल. पिकाची राखण करणारा रात्रभर मचाणावर बसलेला असतो. कुणी हरभऱ्याला पाणी देत असतो, कारण शेतीची लाईट अनेक ठिकाणी अजून पाळीपाळीने रात्रीची असते. अंधारात धपधप करत धुऱ्याने येणारं जे काही असेल ते त्याच्या लेखी एक तर डुक्कर, नाहीतर मोटारीची केबल चोरणारा. दोघांचं स्वागत तो सारखंच करतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. गावाबाहेर पडल्यावरचा पहिला तुकडा पुष्कळ ठिकाणी गोदरीचा, म्हणजे उघड्यावर शौचाला बसायच्या जागेचा असतो. घरोघरी संडास झाले तरी काही गावांत उजाडायच्या आत बायका त्या बाजूला जातात. कपाळावर दिवा लावलेले जावईबापू तिथून पळत गेले, तर दुपारच्या आत ती बातमी सासऱ्यांच्या कानावर जाईल. कुणाबरोबर पळायचं असो की एकट्याने, साडेसहा हीच वेळ धरा.

आता कोरा हीटमॅप. तो कोरा आहे कारण तिथे घड्याळ घालून पळणारे नाहीत. पळणारे भरपूर आहेत. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सकाळी जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर किंवा क्रीडा संकुलात जा, पोलीस भरतीची पोरंपोरी पळताना दिसतील. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर असतं, त्याचा सराव चालू असतो. त्यांचं बहुतेक पळणं डांबरीवर होतं, पण कुठल्या पांदणीवर (वावरांकडे जाणाऱ्या मातीच्या वाटेवर, तुमच्याकडची पाणंद) यंदा मुरूम पडला, कुठल्या रस्त्याला कुत्री मागे लागतात, कुठं कॅनॉलचा रोड फुटलाय, हे त्यांना नेमकं माहीत असतं. पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर चार चकरा मारा. तुमचं घड्याळ बघून तेच बोलायला लागतील आणि बहुधा एखादा दुसऱ्या दिवशी वाट दाखवायला येईलही. कुठलाही ॲप यापेक्षा जास्त देत नाही.

घरबसल्या करायचं काम थोडंच आहे. गूगलचं उपग्रह चित्र मोठं करून गावाभोवतीचा चार-पाच किलोमीटरचा पट्टा बघा. पांदण ओळखू येते: दोन्ही बाजूंनी बाभूळ, निंब, पळस यांची ओळ आणि मधून फिकट पट्टा, वावरांच्या हद्दी धरून वाकडा जाणारा. कॅनॉल त्याउलट सफाईदार वळणं घेत जातो आणि त्याच्या एका अंगाला गाडीवाट असते. दिग्रसला अरुणावती प्रकल्पाचे कालवे आहेत, ते त्या चित्रात पहिले शोधा. शासनाच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर गट नंबरांचा गावनकाशा मिळतो, आणि जुन्या गावनकाशावर गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेने, पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. कागदावर त्या गाडीरस्त्याची रुंदी १६.५ ते २१ फूट. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या वावरवाल्यांनी नांगर पुढे सरकवत सरकवत एक बंडी (बैलगाडी) जेमतेम जाईल एवढंच ठेवलेलं असतं, किंवा वेड्या बाभळीने अख्खी वाट गिळलेली असते. या वाटांवरून तहसीलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालू आहेत. तेव्हा नकाशावर दिसलेली वाट ही फक्त विचारायची वाट. ऑफलाइन नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, शिवारात रेंज जाते-येते.

विचारायचं कुणाला आणि कसं, खरी मेख इथे आहे. "पळायला चांगला रस्ता कुठं आहे?" असं विचारलंत तर शंभर टक्के नवा सिमेंट रोड दाखवतील. त्यांच्या दृष्टीने तोच चांगला. म्हणून पळण्याचं नाव काढू नका. सकाळी बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर शेकोटी असते, तिथे बसून असं विचारा: तुमच्या वावरात कुठून जाता? बंडी जाते का तिकडून, की फक्त पायी? मोटारसायकल? ती पांदण पुढे कुठं निघते? नाल्याला पाणी आहे का? तिकडे तार कुणी लावलीय? दूधवाला, लाईनमन आणि गुराखी ही तीन माणसं हाती लागली तर सोनं. दूधवाला रोज सकाळी तिथूनच येतो, लाईनमनला प्रत्येक डीपीपर्यंतची वाट पाठ असते, आणि गुराख्याला चढ कळतो. अंतर मात्र कुणालाच विचारू नका. "हे काय, इथंच हाय" याचा अर्थ एक किलोमीटरही होतो आणि सातही.

मग आदल्या संध्याकाळी साळ्याला मागे बसवून मोटारसायकलवरून ती वाट एकदा बघून या. हे टाळू नका. याचे दोन फायदे आहेत. वाट कळते, आणि वाटेवरच्या माणसांना तुम्ही कळता. पांदणीवर दर दोनशे मीटरला कुणीतरी थांबवेल, "कोन होय हे?" आणि साळा सांगेल, अमक्याचे जावई, पुण्याचे, उद्या इकडून पयतील. ही ओळख दुसऱ्या दिवशी फार कामाला येते. तरी पहिल्या सकाळी एखादा म्हातारा हमखास विचारणार, "काहून पयून रायले भाऊ, कोनी मांगं लागलं काय?" थांबून हसून उत्तर द्या. घड्याळ थांबवायचं बटन त्यासाठीच असतं.

वाट बघताना खाली बघा. बंडीच्या चाकांच्या ताज्या रेघा, चपलांचे ठसे, ओलं शेण, शेळ्यांच्या विखुरलेल्या लेंड्या असतील तर ती रोजच्या वापरातली माणसांची वाट. काही अंतर गेल्यावर ठसे फक्त दुभंगलेल्या खुरांचे उरले आणि एकाच जागी लेंड्यांचा मोठा ढीग दिसला, तर तिथून पुढे ती वाट रोह्यांची आहे. रोही पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकतात. अशी वाट दिसायला फार सुंदर असते, अरुंद, वळणाची, अगदी परदेशी व्हिडिओतल्या ट्रेलसारखी. तिथून मागे फिरायचं. माझा नियम साधा आहे: ज्या वाटेने रोज माणूस कामाला जातो, त्याच वाटेने पळायचं. सकाळी साडेसातनंतर कापूस वेचायला निघालेल्या बाया पायी, ऑटोत, ट्रॅक्टरवर याच पांदणींनी जातात. दव वाळल्याशिवाय वेचणी सुरू होत नाही, त्यामुळे त्यांची आणि तुमची वेळ बरोबर जुळते. काही झालं तर हाकेच्या अंतरावर माणूस असतो.

मातीबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण सह्याद्रीतल्या माणसाचा पाय इथे फसतो. काळ्या जमिनीतल्या पांदणीत पावसाळ्यात बंडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात आणि दिवाळीनंतर त्या तशाच वाळून दगड होतात. कडेवर पाय पडला की घोटा गेला. डिसेंबरअखेरपर्यंत वर्दळीच्या पांदणीवर या कडा चुरून फुफाटा झालेला असतो. कमी वर्दळीच्या वाटेवर मात्र त्या जशाच्या तशा असतात. शिवाय फुफाट्याखाली काय दडलंय ते दिसत नाही. म्हणून काळ्या मातीत वेग विसरा, दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून लहान पावलांनी पळा. बरड जमीन, म्हणजे टेकाडावरची मुरमाड हलकी जमीन, हे खरं सुख. दिग्रस, दारव्हा, पुसद हा सगळा टेकाडांचा मुलूख आहे, तिथे बरड भरपूर मिळेल. शासनाच्या पाणंद रस्ते योजनेतून मुरूम-खडी पडलेल्या पांदणी पहिल्या दोन दिवसांना उत्तम: रुंद, काट्याविना, चुकायची भीती नाही. मग हळूहळू जुन्या पांदणींकडे वळा.

शर्यत डोंगरी आहे, तेव्हा चढ हवा. सिंहगडाएवढा सलग चढ इथे मिळणार नाही, लहान चढ पुन्हा पुन्हा करावा लागेल. बहुतेक गावांच्या शिवारात टेकडीवर एखादं देवस्थान असतं, कुठं महादेव, कुठं देवी, कुठं दर्गा. पुजारी रोज जातो म्हणजे वाट मोकळी असते. त्याहून चांगली वाट गुरांची. आखरावरून (गावची गुरं जमतात त्या जागेवरून) निघालेला कळप बरडावर चढताना कधी नाकासमोर सरळ चढत नाही. तिरकी, नागमोडी, दमछाक न होणारी वाट त्यांनी वर्षानुवर्षं तुडवून ठेवलेली असते. गुरं निघायच्या आधी, आठच्या आत, तिथे तीस-चाळीस मीटर उंचीच्या आठ-दहा चकरा मारल्या तर मांड्यांना पुरेसं काम होतं. पाझर तलावाची पाळही उतार-चढावाला चांगली. मोठ्या धरणाच्या भिंतीवर चढू नका, तिथे पहारा असतो आणि मनाईही. लांबचं पळणं, म्हणजे अठरा-वीस किलोमीटर, एकाच दिशेला करू नका. घर मध्ये धरून दोन वेगळ्या पांदणींवर पाच-पाच किलोमीटर जाऊन परत या. पाणी घरी पिता येतं आणि घरच्यांनाही मध्येच एकदा तोंड दिसतं, त्यांचा जीव भांड्यात पडतो.

आता वाघ. घरचे उगाच बोलत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातच पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे, दक्षिणेला उमरखेडकडे पैनगंगा अभयारण्य. राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी नावाने गाजलेल्या वाघिणीची दहशत दोन वर्षं होती आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ती मारली गेली. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ १३०० किलोमीटरच्या वर फिरत फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तो वावरांतून, नाल्यांच्या काठांनीच गेला. म्हणजे वाघ कुठूनही जाऊ शकतो, हे खरं. पण रोजच्या वर्दळीच्या पांदणीवर, उजाडल्यानंतर, गावापासून तीन-चार किलोमीटरच्या आत त्याची गाठ पडण्याची शक्यता फार कमी. अट एकच: त्या आठवड्याची बातमी काढायची. बीटच्या वनरक्षकाला किंवा पोलीस पाटलाला विचारा, कुणाचं ढोर मारलं का, पाऊलखुणा दिसल्या का. बातमी असली तर दहा दिवस डांबरी रस्ता, वाद नाही. वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनीही आहे. आणि जंगलाच्या हद्दीत, मग ते अभयारण्य असो की साधं राखीव वन, पळायला शिरू नका. पळणारी, वाकून चाललेली, एकटी आकृती जंगलात दिसणं धोक्याचं. जंगल बघायचंय तर टिपेश्वरला जिप्सी आहे.

वाघापेक्षा कुत्र्यांची तयारी जास्त करा. गावकुत्रं थांबलं की थांबतं. पळणं बंद करा, चाला, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा. धनगरांचा किंवा काठेवाडींचा तांडा मोकळ्या वावरात उतरला असेल तर मात्र लांबून वळसा घ्या. मेंढ्या राखणारी ती कुत्री लांडग्याला भिडणारी असतात, वाकण्याला भीक घालत नाहीत. मालकाला लांबूनच हाक मारा, तो आवरतो. थंडीत घोणस सकाळचं ऊन खायला वाटेवर येऊन पडते, पाचोळ्याच्या रंगात मिसळून जाते, म्हणून ऊन पडलेल्या पाचोळ्यावर पाय टाकताना नजर खाली. चावलंच तर गावठी उपाय न करता १०८. कुठे फवारणी चालू असेल आणि वारा तुमच्याकडे असेल तर वाट बदला. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावलेत.

कधी पुढे विदर्भात इतरत्र जाणं झालं तर हाच हिशोब सगळीकडे लागू पडत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या चंद्रपूरच्या तालुक्यांत मी शिवारात पळतच नाही. तिथे वाघ गावाला लागून आहेत आणि सरपणाला, गुरांमागे गेलेली माणसं मारली जातात. मैदान किंवा वर्दळीचा डांबरी रस्ता, तोही ऊन पडल्यावर. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्या. त्यांचे धुरे इतके अरुंद की पळता येत नाही, पण मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळी फार छान, फक्त नागझिऱ्याच्या बाजूला वरचाच नियम. अकोला-अमरावतीचा खारपाणपट्टा सपाट आणि खोल काळ्या मातीचा, वेगाच्या सरावाला बरा, चढाला शून्य. रामटेकला अंबाळ्याच्या बाजूने गडाच्या पायऱ्या आहेत, सकाळी चकरा मारायला झकास. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर, थंडी कडक, पण भोवती मेळघाट आहे. तिथे पॉइंटांना जाणाऱ्या डांबरी रस्त्यांवरच समाधान माना.

सामानात जास्त काही नको. पहाटे दहा-बारा अंश असतं, कधी त्याहून खाली. साडेआठला अंगावर टी-शर्टही जड वाटतो. पातळ जाकीट कमरेला बांधता येईल असं. आखूड चड्डीऐवजी पूर्ण ट्रॅकपँट घाला. सासुरवाडी आहे म्हणून, आणि कुसळांसाठीही. वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यात शिरली की विणीतून आत आत सरकत जातात, ओढून निघत नाहीत, उलट्या बाजूने एकेक काढावी लागतात. लोकरीसारखे जाड मोजे म्हणूनच बाद. गुळगुळीत, पातळ, घट्ट विणीचे घ्या. बुटाचा तळ जाड हवा. पहिलं कारण बाभळीचा काटा. दुसरं, कापलेल्या तुरीचे खुंट. तूर विळ्याने तिरकी कापतात आणि वीतभर खुंट भाल्याच्या टोकासारखा वर राहतो. पऱ्हाटीचा (कापसाच्या झाडाचा) खुंट त्यामानाने बोथट. पांदण अडली म्हणून कापलेल्या तुरीच्या वावरातून आडवं जायचा मोह होईल, तेव्हा पळत नाही, चालत जा, ओळींच्या मधून. उभ्या हरभऱ्यातून तर अजिबात नको. एक तर ते कुणाचं तरी पीक आहे, आणि सकाळी त्यावर आंब (हरभऱ्याच्या पानांवरचं आंबट दव) असते, ती ओल्या मोज्यातून पायांना चरचरते.

बायको पळत असेल तर तिला पहिल्याच दिवसापासून बरोबर घ्या. गाव तिचं आहे, निम्म्या वावरवाल्यांना ती काका-मामा म्हणते. तुम्हाला दोन दिवसांत जेवढ्या वाटा सापडतील तेवढ्या ती एका सकाळी विचारून येईल.

त्या दहा-बारा दिवसांत अवकाळी आला तर काळ्या मातीच्या पांदणी पुढचे दोन-तीन दिवस विसरा. दर पावलाला बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि तो काढायला काडी शोधण्यातच सकाळ जाते. मुरमाचं बरड दुसऱ्याच दिवशी पळण्याजोगं होतं, तिथे चढाच्या चकरा उरकून घ्या. पाऊस थांबलाच नाही तर घरी बसून तुरीच्या शेंगा उकडा.